मध्येच बंद पडणारं गाणं

आमच्या घरात एक संगीतकार आहे, हे मी ऑफिसात कुणाला सांगत नाही. सांगितलं की लोक विचारतात, कोणतं वाद्य वाजवतो. मग मला सांगावं लागतं की कुठलंच नाही. माझा दीर यशराज लॅपटॉप उघडतो, त्यात प्लगइन म्हणून जे काय असतं त्यात ढोल, व्हायोलिन, सनई सगळं भरलेलं, हाताला काहीच लागत नाही. मांडीवर छोटा कीबोर्ड घेऊन तो नवी मुंबईत, दिघ्याच्या आमच्या दोन खोल्यांत तासन् तास ‘ठुम्म’ एवढा एकच आवाज काढत बसतो. ठुम्म जाड हवा की पातळ, हे त्याने एकदा मलाही विचारलं होतं. मी म्हटलं, भावजी, भाजी करपतेय.

महाप्याला तो एका कंपनीत कॉम्प्युटर दुरुस्तीचं बघतो, मी तिथेच जवळ दुसऱ्या कंपनीत हिशेबाला आहे. आमचं मूळ साताऱ्याकडचं. सासरे मार्केटात माथाडी होते, ते गेल्यापासून घरात राज्य सासूबाईंचं. आमच्यात सासूला आत्या म्हणतात, तर आत्या. नाव रंगूबाई. बाई वाईट नाही, पण तिच्या हाताखाली राहून दाखवा म्हणजे कळेल.

आत्या घाण्याची गाणी म्हणायच्या. लग्नाआधी हळकुंडं उखळात घालतात, बायका मुसळाने कांडतात आणि भोवती बसून गातात, त्याला आमच्याकडे घाणा भरणं म्हणतात. दिघ्यात, ऐरोलीत, तुर्भ्यात साताऱ्याकडच्या कुणाच्याही घरी लग्न निघालं की आधी आत्यांना बोलावणं. पुढे डीजे आले, उखळं माळ्यावर गेली. तरी नावापुरता घाणा भरायचे, आत्याही जायच्या. मग शेजारच्याच लग्नात आत्या गात असताना डीजेवाल्या पोराने स्पीकर तपासायला गाणं लावलं. त्याला कुणी थांब म्हटलं नाही. उलट बायका मुसळं ठेवून नाचायला उठल्या, अगदी आत्यांच्या शेजारी बसलेलीसुद्धा. आत्या पदर झटकून घरी आल्या आणि त्यानंतर त्यांनी तोंडच शिवलं. देवळात आरतीला टाळ्या वाजवतात, पण ओठ हलत नाहीत.

मला सुरुवातीला बरं वाटलं, घर शांत झालं म्हणून. खोटं कशाला बोलू.

पण ज्ञानूचं लग्न ठरलं. ज्ञानेश्वरी म्हणजे आत्यांच्या लेकीची लेक. ती रांगत होती तेव्हाच तिची आई गेली, मग तिचं अर्धं बालपण आत्यांच्याच मांडीवर गेलं. पत्रिका घेऊन आली आणि म्हणाली, “आजी, मला शालू नको, दागिना नको. माझ्या हळदीला तू गायचं.”

“त्या डीजेवाल्याला सांग,” आत्या म्हणाल्या आणि शेंगा सोलत राहिल्या.

ज्ञानू उठली. चपला घालताना ओढणीने डोळे पुसत होती, ते मी आणि यशराजने दोघांनी बघितलं.

यशराजने मग डोकं चालवलं. “आई, नवीन माईक आणलाय, जरा बोल ना यात, आवाज कसा येतो बघू,” असं म्हणत तो ओट्यापाशी घुटमळत राहिला. आत्या पोळ्या लाटत होत्या. लेकाला नाही म्हणणं त्यांना जमत नाही, ते सुनांपुरतं ठेवलंय. त्यांनी दोन ओळी म्हटल्या, लाटता लाटताच:

पिवळं झालं दार, पिवळा झाला उंबरठा
लेकीला लागली हळद, माय पुसती ओटा

त्या दोन ओळी त्याने सॅम्पलरमध्ये घातल्या. म्हणजे आवाजाचे तुकडे करून कीबोर्डच्या पट्ट्यांवर बसवले, पट्टी दाबली की आत्या गाणार. आत्यांना त्याने ते कौतुकाने दाखवलं. त्यांनी स्वतः एक पट्टी दाबली, आतून ‘माय’ असा आवाज आला. पुन्हा दाबली, पुन्हा ‘माय’. “मी काय पेटी हाय व्हय रं,” म्हणाल्या, पण दिवसभरात येता-जाता दोन-चार वेळा दाबून गेल्या.

बाकीचं सगळं संगीत, ठोक्यापासून सनईपर्यंत, यशराजने एकाच नव्या प्लगइनमधून काढलं. ते प्लगइन डेमो होतं. डेमोची गंमत अशी असते की वापरा हवं तेवढं, फक्त मधूनमधून ते दोन-तीन सेकंद गप्प होतं, तुम्ही विकत घ्यावं म्हणून. आता हे गप्प होणं रोज ऐकून ऐकून यशराजच्या कानाला कळेनासं झालं होतं. आमच्याकडे लाईट जाऊन येते तेव्हा कसं कुणी मान वर करून बघत नाही, तसं. तो मनातल्या मनात पुढचं गाणं ऐकायचा. त्याने मिनिटभराचा तुकडा तयार केला, त्यात ती शांतता जशीच्या तशी राहिली, आणि या शहाण्याने तो तसाच इंटरनेटवर टाकला.

आणि शांतता आली होती नेमकी कुठे, तर दुसऱ्या ओळीवर. सगळा धिंगाणा चाललाय, आणि एकदम ठोका नाही, सनई नाही, काही नाही. नुसत्या आत्या. माय पुसती ओटा. मागे लाटण्याचा आवाज. मग पुन्हा धडाधड सगळं सुरू.

लोकांनी ते उचललं. पहिल्यांदा ऐरोलीच्या कुठल्या हळदीत वाजलं, मग रोज कुणाचा तरी व्हिडिओ यायला लागला. त्या जागेवर नाचणारे थांबायचे, बायका मिळून ती ओळ म्हणायच्या आणि मग पुन्हा नाचायच्या. उरणहून फोन आला, कळंबोलीहून आला. आत्यांना पुन्हा बोलावणी यायला लागली. त्या जायच्या, पुढे खुर्चीवर बसायच्या, ती जागा आली की बायकांबरोबर ओळ म्हणायच्या. तेवढंच, पण म्हणायच्या.

येऊन मला सांगायच्या, “तेजश्री, माज्या लेकानं बघ. त्या दिवशी डीजे कुणी बंद केला न्हाय. माज्या लेकानं पार गाण्यातच बंद केला, माजी वळ आल्यावर.” मला सांगितलं, पाणी सोडणाऱ्याला सांगितलं, बँकेतल्या बाईला सांगितलं. ज्ञानूला तर स्वतः फोन करून म्हणाल्या, “गाईन गं बाई तुज्या हळदीला. पोटच्या पोरानं वाट करून दिलीया, आता काय रुसायचं.”

यशराज हे सगळं ऐकायचा आणि लॅपटॉपमध्ये डोकं घालायचा. मला त्याने डेमोचं सांगितलं होतं. मी म्हटलं, गप्प बसा आता, चाललंय ते चालू दे.

पण तो गप्प बसला नाही. त्याच्यासारखे लॅपटॉपवाले आणखी असतात, त्यांना हे लगेच कळतं. त्यांनी व्हिडिओखाली लिहिलं, ‘भावा, प्लगइन विकत घे’, ‘डेमोकिंग’, वर हसण्याची चित्रं. ते याला लागलं. आईचं नाव गावभर झालं त्याचं काही नाही, चार टवाळ पोरं हसली त्याचा मात्र जीव जळला. पुरुषांचं हे मला कधी कळलेलं नाही. त्याने पूर्ण प्लगइन विकत घेतलं, गाणं नव्याने बांधलं, आणि रविवारी जेवणं झाल्यावर आत्यांसमोर ठेवलं.

गाणं झालं. आत्या वाट बघत राहिल्या.

“माजी वळ कुटं गेली?”

“आहे ना आई. ठोक्याच्या मागे आहे. आता बघ कसं नीट झालंय, मध्ये बंद पडत नाही.”

“बंद पडत हुतं?”

मी डोळ्यांनी खुणावलं, पण त्याचं लक्ष कुठे. त्याने उत्साहाने सगळं समजावून सांगितलं. डेमो म्हणजे काय, कंपनी आवाज का बंद करते, आता लायसन आहे म्हणून कसा बंद होत नाही. हुशार मुलगा, प्रत्येक गोष्ट बरोबर सांगितली.

“म्हंजी तू न्हाय बंद केलंस,” आत्या म्हणाल्या.

“नाही गं. ते आपोआप होत होतं.”

आत्या उठल्या आणि ताटं उचलायला लागल्या. ताटं मी उचलते, आत्या कधी हात लावत नाहीत. मला वाईट वाटलं. मी यशराजकडे बघितलं तेव्हा त्यालाही कळलं असावं, कारण त्याने लॅपटॉप मिटला.

दुसऱ्या दिवशी ज्ञानूला निरोप गेला, घसा धरलाय, गाणं व्हायचं नाही. ज्ञानूने मला फोन केला. म्हणाली, “मामी, खरं सांगा, आजीला कुणी काही बोललं का?” मी म्हटलं, घसाच धरलाय. काय सांगणार होते, एका कंपनीच्या डेमोची गोष्ट?

यशराज दोन दिवस रजा टाकून बसला. तिसरं गाणं बांधलं. या वेळी शांतता त्याने स्वतःच्या हाताने ठेवली, आधीपेक्षा मोठी. दोन्ही ओळी मोकळ्या सोडल्या, आणि तो लाटण्याचा आवाजसुद्धा, जो नव्या गाण्यातून त्याने साफ करून टाकला होता, तो परत आणला. आत्यांच्या पायाशी बसून ऐकवलं.

आत्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. “हे तू केलंस?”

“हो. मुद्दाम केलं. तुझ्यासाठी.”

“मी रुसले म्हणून केलंस.”

आत्यांनी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. “चांगलं झालंय,” म्हणाल्या. “वाजव हळदीला. पोरं नाचतील.”

“आणि तू गाशील?”

“घसा धरलाय रं.”

हळद ज्ञानूच्या गल्लीतच होती, मांडव टाकून, संध्याकाळी. ज्ञानू पिवळ्या साडीत पाटावर बसलेली. आत्या आल्या होत्या, आजीने यायचं नाही असं कसं चालेल, पण बसल्या मागच्या रांगेत, पाहुण्यांसारख्या. ज्ञानू हळद लावणाऱ्या प्रत्येक बाईकडे बघून हसत होती आणि मध्येच मागच्या रांगेत नजर टाकत होती.

यशराज स्वतः डीजेपाशी उभा राहिला. गाणं लागलं, सगळी गल्ली उठली. मग ती जागा आली. सगळं थांबलं, आणि स्पीकरमधून आत्यांचा आवाज आला, एकटा, मोठा. बायका नाचायच्या थांबल्या, सगळ्या मागे वळून आत्यांकडे बघायला लागल्या. त्यांनी म्हणावं म्हणून कुणीच ओळ उचलली नाही. दोन्ही ओळी होईपर्यंत आत्या हात जोडून बसून राहिल्या. ओठ मिटलेले. ज्ञानूने मान खाली घातली.

मला राग आला. यशराजचा नाही, आत्यांचा. पोरीने एकच गोष्ट मागितली होती. मी उठून जाऊन सांगणार होते की पुरे झालं आता, तेवढ्यात ठोका पुन्हा सुरू झाला, पोरांनी शिट्ट्या मारल्या, आणि आत्या उठल्या.

नाचणाऱ्यांच्या मधून, धक्के खात, त्या पाटापाशी गेल्या. स्पीकर तिथून हाताच्या अंतरावर होता, मांडवाचे बांबू थरथरत होते. त्यांनी वाटीतली हळद घेतली, ज्ञानूच्या गालाला लावली, खाली वाकल्या आणि तिच्या कानाशी तोंड नेलं.

यशराजने ते बघितलं आणि त्याचा हात आवाज बंद करायला गेला. आत्यांनी वाकल्यावाकल्याच दुसरा हात त्याच्याकडे हलवला. चालू दे.

मला एक अक्षर ऐकू आलं नाही. कुणालाच आलं नसेल. आत्यांचे ओठ हलत होते, मान ठेक्यावर नव्हती, वेगळ्याच लयीत डुलत होती, आणि गाणं दोन ओळींचं नक्कीच नव्हतं. डीजेची पुढची दोन गाणी झाली तरी त्या वाकलेल्याच होत्या. ज्ञानू डोळे मिटून ऐकत होती, आणि गालावरची ओली हळद आत्यांच्या पांढऱ्या केसांना लागत होती.