आडनावाचं क्रियापद

विलायती कापडाच्या गाठी विकायच्या नाहीत म्हणून त्यांना काँग्रेसचं सील लावून घ्यायला धरणगावच्या पुखराजशेठनी नकार दिला, ते साल होतं १९३०. आधी गिऱ्हाईक बंद झालं. मग न्हावी येईना, भांडी घासणारी धुरपदाबाई येईना. दुकानाच्या फळीवर कुणीतरी कोळशानं ‘बायकॉट’ लिहिलं.

शेठची बायको सूरजबाई आणि शेजारची तानुबाई रोज परसातल्या कुंपणाशी उभ्या राहून बोलत. फळीवर ती अक्षरं दिसली त्या सकाळी सूरजबाईनं हाक मारली. तानुबाईनं दोरीवरचं ओलंच लुगडं ओढलं आणि ती आत निघून गेली.

सुरुवातीला सूरजबाई रडली. पुढे रडूही येईना. पाणी ओढायचं, भांडी घासायची, नवऱ्याला वाढायचं. तोही मुकाट्यानं जेवून उठे.

तिचा भाऊ निर्मलकुमार देवपूरच्या शाळेत इंग्रजी शिकवायचा. तो भेटायला आला तेव्हा तिनं विचारलं, “बायकॉट म्हणजे काय रे?”

“वाळीत टाकणं, जीजी.”

“ते कळलं. शब्द कुठला?”

“माणसाचं आडनाव आहे. आयर्लंडात एका जमीनदाराचा कारभारी होता. जमिनीच्या खंडावरून कुळांशी भांडण झालं, तसं सगळ्यांनी त्याच्याशी बोलणं सोडलं. गडी गेले, दुकानदार माल देईनात. मग लोक त्याच्या नावाचंच क्रियापद करून वापरायला लागले.”

“घरात बायको होती त्याच्या?”

“होती वाटतं.”

“तिच्याशी कोण बोलायचं?”

सूरजबाई उरलेली भांडी घासायला परसात गेली.

दिवाळीच्या तोंडावर शेठनी गाठींना सील लावून घेतलं. दुसऱ्याच दिवशी फळी पुसली गेली, धुरपदाबाई भांड्यांना आली. तानुबाई शेवेची वाटी घेऊन कुंपणाशी उभी राहिली.

“काय करी ऱ्हायनी व अक्का? मन्हा धनीनी बोलू नको सांगेल व्हतं. मी काय करू?”

सूरजबाईनं वाटी घेतली. काहीतरी बोलावं म्हणून तोंड उघडलं, पण आवाज फुटला नाही. राग नव्हता, रडूही नव्हतं. तानुबाई सुनेचं, म्हशीचं सांगत राहिली. सूरजबाई मान हलवत होती. ज्या गावी आपण कधी गेलो नाही, तिथलं कुणी सांगत असावं, तसं तिला वाटत होतं.

पुढे ती बोलू लागली, पण कामापुरतंच. कुंपणाशी मात्र ती पुन्हा कधी थांबली नाही.