तेलखडूचा डाग

मी एक जुना गुंडाळी-फळा आहे. मित्रांनो, तुमच्यापैकी अनेकांनी माझी जात पाहिलीही नसेल. काळा रंग दिलेले जाड कापड, वर-खाली एकेक लाकडी दांडा आणि बांधायला एक नाडी, एवढाच माझा संसार. माझ्या उजव्या कोपऱ्यात जांभळ्या तेलखडूने लिहिलेली एक ओळ आहे. लोक तिला डाग म्हणतात. म्हणोत बापडे! त्या ओळीपायीच आज मी रागात आहे, आणि जुन्या वस्तूंनी आपली कहाणी गोड आवाजात सांगावी अशी तुमची अपेक्षा असेल, तर माझा नाइलाज आहे.

मला बाईंनी विकत घेतले तेव्हा त्या शिक्षिका व्हायचे शिकत होत्या. पुढे त्यांना शाळा मिळाली आणि मीही त्यांच्या काखेतून वर्गात गेलो. भिंतीवरचा फळा खरखरीत आणि फुटका होता, म्हणून खिळ्याला मला टांगत. मला पुसायला कोण येणार यावरून मुलांची रोज मारामारी व्हायची. खडूची भुकटी नाकातोंडात जायची, पण कौतुक एवढे की मी फुगून जायचो.

सहावीत एक मुलगी होती. प्रश्न विचारून टोचत राहायची म्हणून तिला सगळे टोचणी म्हणत. एकदा बाई भागाकार शिकवत होत्या. बारा पेन्सिली चार जणांना वाटून झाल्या. मग बाईंनी लिहिले, सहा भागिले अर्धा. आणि सवयीने म्हणाल्या, "खालचा उलटा करा आणि गुणा."

टोचणी उठली. "बाई, चार जणांना वाटता येतं. पण अर्ध्या माणसाला कसं वाटायचं?"

वर्ग खो-खो हसला. बाई हसल्या नाहीत. "तुझा प्रश्न फळ्यावर लिही," एवढेच म्हणाल्या. खडू संपला होता, म्हणून टोचणीने दप्तरातला तेलखडू काढला आणि माझ्या कोपऱ्यात लिहिले : 'अर्ध्या मानसाला कसं वाटायचं?' माणसातला ण चुकला. तेलखडू काही पुसला गेला नाही.

दुसऱ्या दिवशी बाई सहा मीटरची फीत घेऊन आल्या. "आज वाटायचं नाही. यातून अर्ध्या मीटरचे तुकडे किती निघतात ते मोजायचं." बारा निघाले. टोचणी म्हणाली, "मग आधी वाटायचं का सांगितलंत?" त्या 'का'ने बाईंची झोप उडवली. भागाकार म्हणजे वाटणी, एवढेच अभ्यासक्रमात वर्षानुवर्षे लिहिलेले होते, आणि तिथेच मुले अडत होती. यावरच पीएच.डी. करायची असे बाईंनी ठरवले. विषय अभ्यासक्रम आणि अध्यापन. नवरा म्हणाला, "आता हे काय नवीन खूळ?" पण संध्याकाळचा स्वयंपाक त्याने बिनबोभाट अंगावर घेतला.

आता मार्गदर्शक सरांची गोष्ट सांगतो, आणि इथून माझा तोल सुटला तर समजून घ्या. सर अभ्यासक्रम समितीचे अध्यक्ष होते. मुलांनी काय शिकावे हे ते ठरवत, पण शाळेच्या वर्गात पाऊल टाकून त्यांना जमाना लोटला होता. बाईंनी मला त्यांच्या खोलीत नेले आणि उलगडून दाखवले. सरांनी ओळ वाचली आणि नाक मुरडले.

"मानसाला? शुद्धलेखनाच्या नावाने आनंदच आहे. असलं काही प्रबंधात चालत नाही. ठेवा तिथे, बघतो."

त्यांनी मला कोपऱ्यात उभे केले ते कायमचेच. पावसाळ्यात माझ्या दांड्याला ओली छत्री टेकवत. पाणी झिरपून माझा रंग सुटला. बाई शाळा सुटल्यावर धावत यायच्या आणि दाराबाहेर ताटकळत उभ्या राहायच्या. आत बोलावणे आले, तर सर त्यांना समितीची टिपणे टंकायला बसवत. प्रबंधाचे प्रकरण दिले की ठरलेले उत्तर, "बघतो." मित्रांनो, त्या एका शब्दात माणसाची वर्षे जिरवता येतात, हे मी त्या कोपऱ्यात उभा राहून शिकलो.

प्रबंध दाखल करायचा शेवटचा दिवस उजाडला. तो चुकला तर नोंदणी रद्द होणार आणि सगळ्या कष्टांवर पाणी पडणार. त्या दिवशी सरांना एकदम मार्गदर्शन सुचले.

"मुलं हा काय शब्द आहे, बाई? मुलं घरी असतात. प्रबंधात अध्ययनार्थी असतो."

"सर, मी मुलांबद्दलच लिहिलंय."

"एका बटणाचं काम आहे." त्यांनी संगणक स्वतःकडे ओढला. जिथे जिथे 'मुले' दिसेल तिथे 'अध्ययनार्थी' आणि 'मुला' दिसेल तिथे 'अध्ययनार्थ्या' घाल, असा हुकूम सोडून बटण दाबले. मग प्रबंधातली टोचणीची ओळही खोडली आणि तिथे स्वतःचे वाक्य घातले.

"एकदा वाचून घेऊ द्या ना, सर."

"वाचत बसायचंय की दाखल करायचंय?"

बाईंनी दाखल केला. दुसरे काय करणार होत्या?

मौखिक परीक्षेच्या दिवशी बाई मला न्यायला आल्या. सर आधीच सभागृहात गेले होते. बाईंनी माझ्यावरची ओली छत्री उचलली, क्षणभर इकडेतिकडे पाहिले आणि सरांच्या गादीच्या खुर्चीवर आडवी ठेवली. मी मनातल्या मनात टाळ्या वाजवल्या.

सभागृह भरलेले होते. बाहेरून आलेले म्हातारे परीक्षक प्रबंध चाळता चाळता थांबले.

"संशोधिकेने चाळीस अध्ययनार्थ्याखती घेतल्या. बाई, हे कुठलं खत? शेताला घालायचं की वर्गाला?"

हशा पिकला. तुमच्या लक्षात आले ना? 'मुलाखती'तसुद्धा 'मुला' होताच! बटणाला काय कळते? सगळ्यांत मोठ्याने सरच हसले. "मी कानीकपाळी ओरडत असतो, वाचून घ्या, वाचून घ्या. पण या शाळेच्या शिक्षकांना घाई फार!"

माझ्या कापडाचा धागा न् धागा पेटला. मी बोलू शकत असतो तर त्या माणसाची तिथेच खरडपट्टी काढली असती. बाईंचे कान लाल झाले होते. मार्गदर्शकाची सही नसेल तर पदवी नाही, हे त्या हॉलमधल्या प्रत्येक विद्यार्थ्याला माहीत होते. म्हणून सगळे खाली मान घालून बसले होते.

बाईंनी मान वर केली.

"सर, ते बटण तुम्ही दाबलंत. मी वाचून घेते म्हणत होते."

हशा जागच्या जागी विरला. सरांचा चेहरा खर्रकन उतरला. परीक्षकांनी चष्मा काढला. "मूळ शब्द काय होता?"

"मुलाखती. आणि अध्ययनार्थी जिथे जिथे आहे, तिथे मुलं."

मग बाईंनी माझी नाडी सोडली आणि मला टांगले. रंग उडालेला, कडा कुजलेल्या, पण जांभळी ओळ तशीच होती. परीक्षक उठून जवळ आले. त्यांनी प्रबंधातले सरांचे वाक्य मोठ्याने वाचले, "अध्ययनार्थ्यांना अपूर्णांकी भाजकाच्या संदर्भात संकल्पनात्मक अडचण जाणवते." मग माझ्यावरची ओळ वाचली, 'मानसा'सकट. या वेळी कोणी हसले नाही.

"अडचण मला या ओळीत कळली," ते म्हणाले. "बाई, तुमचे शब्द परत घाला आणि प्रबंध मला पाठवा. ही ओळ पहिल्या पानावर हवी. सर, तुमची सही आत्ताच करून ठेवा."

सरांनी सही केली. पेन कागदात रुतेल एवढ्या जोराने केली.

बाईंना पदवी मिळाली. म्हणून माझा राग गेला असे समजू नका. सत्कारात सर 'माझ्या मार्गदर्शनाखाली' हे शब्द घोळवून घोळवून बोलले. समितीचा नवा अभ्यासक्रम आला, त्यातही भागाकार म्हणजे वाटणीच आहे. कुठल्या तरी वर्गात आजही एखादी टोचणी उभी राहत असेल आणि तिला सांगत असतील, उलटा कर आणि गुण.

बाई आता होणाऱ्या शिक्षकांना शिकवतात. तिथे भिंतीवर पांढरे गुळगुळीत फळे आहेत. मी कपाटामागे असतो. वर्षातून एकदा, पहिल्या तासाला, मला बाहेर काढतात. या वर्षी एक उत्साही विद्यार्थी ओले फडके घेऊन पुढे आला आणि माझा कोपरा खसाखसा घासू लागला.

"हात लावू नकोस!" बाई एवढ्या जोराने ओरडल्या की त्याच्या हातातले फडके गळून पडले. "ते तुझं नाही. माझंही नाही."

मित्रांनो, मला जपा, सावलीत ठेवा, कोरड्या कापडाने झटका, असे काही मी मागणार नाही. मला आता कोणी पुसत नाही, दोन्ही अर्थांनी, आणि त्याची मला सवय झाली आहे. पण उद्या तुम्ही मोठे व्हाल. तुमच्यातले काही वर्गासमोर उभे राहतील, काही समितीच्या खुर्चीत बसतील. त्या दिवसासाठी माझे एवढेच सांगणे आहे. मुलांना पुसा. मुलांचे पुसू नका.