मत्स्यसंवर्धनाचा सत्कार

"या तलावातला मासा जिवंत हाय, तो आमा गळवाल्यांमुळं!" पालीजवळ बिंदुसरा तलावाच्या काठावर आप्पांनी माईकवर जाहीर केलं. आप्पा दर रविवारी हौसेनं गळ टाकतात. आजवर गळाला फक्त एक चप्पल लागली, तेव्हा विधान अगदीच खोटं नव्हतं.

हौशी गळवाल्यांच्या परवान्याच्या पैशातून माशांची पिल्लं आणली होती. ती तलावात सोडायची, पण आधी सत्कार. आप्पांचा झाला, मग सत्कार करणाऱ्यांचाही झाला. पिल्लं प्लास्टिकच्या पिशवीत, उन्हात.

पिल्लं सांभाळणारी सत्यशीला कासावीस झाली. "आप्पा, पाणी तापलं. पिल्लं उलटी व्हायलीत."

"त्यांच्यासाठीच बोलायलोय, बाई! अजून आभार ऱ्हायलेत."

"बोला की. फक्त जरा डावीकडं सरकून बोला. पिशवीवर तुमची सावली तरी पडंल."