ज्याची पानं, त्याचंच डोकं

एकोणीस वर्षांपूर्वी ओडेल किनमनने मला एक पत्र पाठवलं. त्यात एकच प्रश्न होता आणि त्याचं उत्तर मला पाकीट फोडायच्या आधीपासून ठाऊक होतं. तरी मी ते दिलं नाही. लिहायला बसायचो, दोन ओळी व्हायच्या, त्या दुसऱ्याच कुणा बऱ्या माणसाने लिहिल्यासारख्या वाटायच्या, की कागद टोपलीत. पुढे पुढे लिहायला बसणंही सुटलं.

पत्र असं होतं :

‘मास्तर, टेबलाचा नियम तुला माझ्याआधीपासून माहीत आहे. ज्याची पानं, त्याचंच डोकं. त्या दिवशी माझ्या पानांना तीन डोकी होती. माझं, टीगचं आणि तुझं. मला एवढंच सांग. तू पत्रकात जे छापलंस, ते टेबलावर पाहिलं होतंस, की तुझ्या स्वयंपाकघरात माझ्या तोंडून ऐकलं होतंस? एका शब्दात सांग. भलंमोठं लिहू नकोस. तुझं भलंमोठं मी वाचलंय.’

मी लास व्हेगासच्या सार्वजनिक ग्रंथालयात पुस्तकांच्या नोंदी करायचो. पोकर मला कधी खेळता आला नाही. हातात चांगली पानं आली की माझे कान लाल होत, आणि पत्ते वाटणाऱ्या मुलीपासून सरबतवाल्यापर्यंत सगळ्यांना ते दिसे. पण बघता येत असे. स्पर्धेच्या दिवसांत मी कठड्याबाहेर उभा राहून कोण कधी किती चिप्स, म्हणजे पैशांच्या सोंगट्या, लावतो, कधी पानं टाकतो, शेवटी काय दाखवतो, हे वहीत टिपत असे. ती वही आयोन स्ट्रॅकच्या नजरेस पडली. ती स्पर्धेचं रोजचं पत्रक काढायची. तिने मला त्यात एक चौकट दिली. नाव ठेवलं ‘आमनेसामने’. दोन खेळाडूंची नावं द्यायची आणि त्यांतला कोण जास्त टिकेल ते सांगायचं. त्या वर्षी माझी अकरा भाकितं ओळीने खरी ठरली. लोक वळून माझ्याकडे बघू लागले. त्याआधी माझ्याकडे कुणी वळून बघितलं नव्हतं, हे कारण म्हणून सांगत नाही. पण ते होतं.

ओडेल माझ्याकडे मंगळवारी दुपारी शिकायला यायचा. गवताचे भारे वाहणारा ट्रकवाला, हात फावड्याएवढे. स्वयंपाकघरातल्या टेबलावर मी पानं वाटायचो आणि प्रसंग घालायचो.

“बोल. काय करशील?”

“राणीची जोडी आहे, मास्तर. सासू दारात आली तरी सोडणार नाही.”

“समोरच्याने सगळ्या चिप्स पुढे लोटल्यात. एरवी एक्क्यांची नाहीतर राजांची जोडी असल्याशिवाय तो असं करत नाही.”

“आज थापा मारत असेल.”

“तीन दिवस गप्प बसलेला माणूस ओरडला, तर आग लागलेली असते. तुझ्या राण्या त्यातून पाचात एकदाच वाचतील. टाक.”

“राण्या टाकू?”

“टाक.”

मग तो पानं अशी टाकायचा, जणू स्वतःच्या ताटातला मटणाचा तुकडा मी त्याला माझ्या कुत्र्याला घालायला लावला. “तुझ्या या शाळेत उपाशी मरेन मी,” म्हणायचा. पण शिकला. मी पाहिलेल्यांत इतकं शिस्तीने शिकलेला दुसरा कुणी नाही.

एका मंगळवारी तो पानांना हातच लावेना. मग त्याने रॉयसची गोष्ट सांगितली. रॉयस म्हणजे त्याचा धाकटा भाऊ. विनेमका गावच्या एका स्पर्धेत ओडेलने दोघांचं जे काही होतं ते राजांच्या जोडीवर लावलं आणि गेलं. रॉयसचा ट्रक गेला. रॉयस पुढे त्याच्याशी बोलला नाही, आणि वसंतात वारला.

“तेव्हापासून,” ओडेल म्हणाला, “हातात नुसती एक जोडी असली आणि सगळं लावायची वेळ आली, की हा दंडच उचलत नाही, मास्तर. शिकवण वगैरे नंतर. आधी दंड.” मग हसला. “कुणाला बोलू नकोस हां. नाहीतर रोज येतील सगळं लावून मला ढकलायला.”

मी मान हलवली आणि कॉफी ठेवली.

त्याच उन्हाळ्यात ओडेल मोठ्या स्पर्धेत शेवटच्या सहांत पोचला. त्या सहांत गार्लंड टीग हा खेळाडूही होता. शेवटच्या दिवशी सकाळी मी ‘आमनेसामने’चा मजकूर नेऊन दिला. आयोनने तो चष्म्यावरून वाचला.

“‘किनमन सावध खेळतो.’ वेंडेल, हे तर माझी मांजरही सांगेल. कारण दे. टोचेल असं दे. बारावं आहे तुझं!”

दाराशी पत्रकाचा गठ्ठा न्यायला माणूस उभा होता. मी तिच्याच टेबलावर खाली वाकून लिहिलं : ‘टीग टिकेल. किनमन एका जोडीवर सगळ्या चिप्स कधीच घालत नाही. त्याला ढकला, तो पानं टाकतो.’

मला कुणी मारून लिहायला लावलं नव्हतं. आयोनवर मी पुष्कळ वर्षं राग धरला. ती बिचारी कधीच मेली, आणि राग चुकीच्या पत्त्यावर जातो आहे हे मला तेव्हाही कळत होतं.

दुपारी ओडेलला राणीची जोडी आली. त्याने लावलं. टीगने शांतपणे सगळ्या चिप्स पुढे लोटल्या. ओडेल चार मिनिटं बसून राहिला. एकदा त्याने मान वर करून कठड्याकडे, माझ्याकडे पाहिलं. वाटणारी मुलगी लगेच म्हणाली, “साहेब, ज्याची पानं, त्याचंच डोकं. बाहेर बघायचं नाही.” तो ओशाळला. राण्या उताण्या ठेवून त्याने पुढे सारल्या. टीगने आपली पानं उलटली. इस्पिक नव्वी आणि सत्ती. काहीच नव्हतं. मग त्याने शर्टाच्या खिशातून घडी केलेलं पत्रक काढलं आणि ओडेलच्या समोर हलवलं.

“माझे आभार नको मानूस, दोस्त. मास्तरांचे मान.”

अर्ध्या तासात ओडेल बाहेर पडला. माझं बारावं भाकीत खरं ठरलं. पंधरा दिवसांनी पत्र आलं.

हे सगळं मी पुरून टाकलं होतं. गेल्या महिन्यात ते ब्रँट लोमॅक्सने उकरून काढलं. तो हॉटेलच्या सभागृहात स्पर्धेतले निर्णय कसे घ्यावेत याचे वर्ग घेतो. आयोनची जुनी पत्रकं त्याच्या हाती लागली होती. त्याने मला बोलावलं, पहिल्या रांगेत बसवलं, छातीवर नावाची पट्टी लावली. पडद्यावर माझी चौकट आली, हातभर मोठी अक्षरं, आणि खाली ओडेलच्या राण्या.

“हा धडा भीतीचा,” लोमॅक्स म्हणाला. “राणीची जोडी! समोर नव्वी-सत्ती! आणि हा वाघ काय करतो? टाकतो!” चाळीस माणसं हसली. “आणि ज्यांनी हे सकाळीच सांगितलं होतं, ते गृहस्थ इथे बसलेत.”

टाळ्या झाल्या. त्या टाळ्यांना माझी पाठ ताठ झाली. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी. याची चीड मला अजून येते.

मागून एक बाई उठली. पांढरे आखूड केस, ट्रक चालवणाऱ्यांची टोपी. डोरीन असं नाव तिने सांगितलं.

“हा किनमन म्हणजे एली गावचा टायरवाला का हो? हे एवढाले हात?”

“असेल. आता टायरच बदलणार तो!” लोमॅक्स म्हणाला. पुन्हा हशा.

“हसता काय?” ती म्हणाली. “गेल्या हिवाळ्यात बर्फात माझा टायर बदलला त्याने. आम्ही ड्रायव्हर लोक वाट बघत पत्ते काढून बसलो, तर म्हणाला, बाहेर जाऊन खेळा. मी म्हटलं, का हो, देवाधर्माचे दिसता? म्हणाला, नाही बाई, भित्रा आहे. छापून आलंय.”

ती खाली बसली नाही.

“आणि मला एक सांगा. त्या दुसऱ्या माणसाने हे पत्रक वाचलं होतं?”

“अर्थात! खिशातच होतं त्याच्या. तीच तर गंमत आहे.”

“मग हे भाकीत कसलं? ही चुगली झाली.” तिचा आवाज चढला. “आणि त्याआधी तो किती वेळा असं सगळं लावून बसला होता? कशाकशावर? ते न सांगता तुम्ही याला वाघ-बिघ म्हणता?”

“त्याची नोंद कुणाकडे नाही, ताई. चला, पुढचा प्रसंग...”

मी उठलो. माझे कान तापले होते. चाळीस माणसांसमोर मी उभ्या जन्मात बोललो नव्हतो, आणि निघालं तेही धड निघालं नाही.

“नोंद आहे,” मी म्हणालो. “माझ्याकडे आहे. त्याला भित्रा म्हणू नका. पुसा ते. पडद्यावरून पुसा!”

“सर जरा भावुक झालेत...”

“भावुक नाही, गाढवा! मला संताप आलाय!”

मी नावाची पट्टी ओढून काढली. शर्टाचा खिसा फाटला. बसमध्ये मला वाटत राहिलं, की मी लोमॅक्सवर ओरडलो ते सोपं म्हणून. त्याने फक्त मी लिहिलेलं वाचून दाखवलं होतं.

घरी वही सापडायला वेळ लागला नाही. कुठे आहे हे मला नेहमीच माहीत होतं. टीगची पानं काढली. त्या स्पर्धेत, त्या दुपारच्या आधी, तीन दिवसांत त्याने चार वेळा सगळ्या चिप्स पुढे लोटल्या होत्या आणि चारही वेळा पानं ऐटीत उघडून दाखवली होती. एक्के. राजे. एक्के. राजे. माझ्याच अक्षरात, वेळेसकट.

ओडेलच्या दंडाचं काय झालं असेल ते असो. त्या चार मिनिटांत त्याने माझ्या टेबलावर शिकलेला हिशेब केला होता, आणि तो बरोबर होता. तीन दिवस गप्प बसलेला माणूस ओरडला होता. फक्त या खेपेला आग नव्हती. ‘ओरड’ असं टीगच्या कानात मी सांगितलं होतं. आणि ही वही एकोणीस वर्षं माझ्या कपाटात होती, आणि ओडेल एलीत लोकांना सांगत होता, मी भित्रा आहे.

त्या संध्याकाळी लिहिलेली तीन उत्तरं मी फाडली. पहिल्यात आयोन होती. दुसऱ्यात माझं एकटेपण होतं. तिसरं बरं झालं होतं, म्हणून फाडलं. सकाळी चौथं लिहिलं :

‘ओडेल,

स्वयंपाकघरात.

तू एकच शब्द मागितला होतास. पण तुझी एक वस्तू माझ्याकडे राहिली होती, ती सोबत पाठवतो. टीगची ही चार पानं बघ. त्या दिवशी राण्या टाकणं बरोबर होतं. मी शिकवलं तसंच तू केलंस, आणि मीच तुला विकलं. तू भित्रा नव्हतास. भित्रा हे लिहितो आहे.

वेंडेल टास्कर’

वहीची चार पानं फाडून मी पाकिटात घातली. आयुष्यभर पुस्तकं सांभाळलेल्या माणसाला पान फाडायचा आवाज सोसत नाही, सोसला. मग कोपऱ्यावरच्या निळ्या टपालपेटीपाशी गेलो. ‘मीच तुला विकलं’ हे जरा नाटकी झालं का, असं वाटलं. पाकीट परत न्यावं, एक ओळ सुधारावी, उद्या टाकावं. पेटीचं झाकण धरून मी उन्हात उभा राहिलो. पत्र्याचा चटका बोटांना बसत होता. मागून एक बाई म्हणाली, “आजोबा, टाकताय का? माझी गाडी मधेच उभी आहे.”

मी टाकलं. ते तळाशी पडल्याचं ऐकू आलं. ती गेल्यावर मी झाकण उघडून मनगटापर्यंत हात आत घालून पाहिला. पाकीट आता निघत नव्हतं.