तिरका एक्सल

"मागचं डावं चाक बोटभर फुडं घेतलंय, धाकले मालक. आता गाडी डावीकडं आपसूक वळंल," जीपखालून सरपटत बाहेर येत महालिंगप्पा म्हणाला.

"तेच पायजे. समदा चक्कर डावीकडंच हाय," तात्याराव खूश होऊन म्हणाला.

उमरग्याच्या हमरस्त्यावर महालिंगप्पाचं गॅरेज होतं. ट्रकचे तिरके झालेले मागचे एक्सल सरळ करण्यात त्याचं आयुष्य गेलं होतं. धडधाकट गाडीचा एक्सल मुद्दाम तिरका करायला सांगणारा तात्याराव हा पहिलाच. साखर कारखान्याच्या चेअरमनचा हा मुलगा. शहरात कुठंतरी त्यानं मातीवरची मोटारींची शर्यत पाहिली होती. इकडे दुष्काळानं गावालगतचा तलाव ठणठणीत कोरडा पडला होता. त्याला आयतंच मैदान मिळालं.

महालिंगप्पाला काम मात्र आवडलं होतं. सुतळी ताणून, ओळंबा सोडून, स्प्रिंगच्या पाट्यांचे बोल्ट ढिले करून त्यानं एक्सल केसाकेसानं सरकवला होता. असलं नाजूक काम त्याला कधी कुणी सांगितलं नव्हतं. म्हणून जीप पळवून बघायच्या दिवशी तोही हौसेनं तलावात गेला.

तिथं कारखान्याचा टँकर फिरत होता. फक्कीनं आखलेल्या गोलावर पाणी शिंपत होता.

"हे काय मालक?"

"धूळ बसाया नको? पाव्हणे येणार हायेत."

एरवी हाच टँकर वस्तीवर पाणी घेऊन यायचा. वस्तीतल्या बाया घागरी, मडकी घेऊन त्याच्यामागं धावत होत्या. मागच्या भोकं पाडलेल्या पाइपाखाली कुणी मडकं धरलं की ड्रायव्हर वेग वाढवायचा आणि कारखान्याची माणसं खदाखदा हसायची. एकीचं मडकं पडून फुटलं तेव्हा तर टाळ्या वाजल्या. महालिंगप्पानं तिकडं पाठ केली.

बौद्धवाड्यातली भिमाबाई तेवढी धावत नव्हती. तलावाच्या खोलगट भागात तिनं झिरा खणला होता. त्या खड्ड्यात पाझरणारं पाणी ती वाटीवाटीनं घागरीत भरत होती.

जीप सुटली. पहिल्याच वळणावर मागची बाजू सुर्रकन बाहेर गेली आणि नाक डावीकडं फिरलं. महालिंगप्पानं मनात धरलं होतं अगदी तसं. क्षणभर तो सगळं विसरला. पुढच्या फेरीला मात्र मागची बाजू जरा जास्तच फेकली गेली. भिमाबाई कशीबशी बाजूला झाली आणि जीपचं मागचं चाक झिऱ्यात धसलं. काठाचा दगड टाकीवर बसला. जीप ओढून काढेपर्यंत पेट्रोलची धार झिऱ्यात पडत राहिली.

"कुणी खणलाय ह्यो खड्डा?" तात्याराव ओरडला. "मुरूम टाकून बुजवा. आन् मिस्त्री, टाकीला साबण लावा. चाक आजून जरा फुडं घ्या. लई भारी पळती!"

"दादा, बुजवू नका," भिमाबाई म्हणाली. "म्या उपसून घेते."

तिच्याकडं कुणी पाहिलंसुद्धा नाही. मुरमाची पाटी तिच्या पायांवरूनच झिऱ्यात रिकामी झाली.

महालिंगप्पानं टाकीचं भोक साबणानं बुजवलं. मग जॅक लावला, बोल्ट ढिले केले, एक्सल पहिल्या जागी नेला आणि पक्का आवळून उभा राहिला.

"घेतलं फुडं?"

"सरळ केलाय. घरी न्या गाडी."

"सरळ? डोस्कं फिरलं काय तुजं?" तात्याराव एकदम अरेतुरेवर आला. "तुजं गॅरेज कुणाच्या ट्रकांवर चालतंय, म्हाईत हाय न्हवं?"

"म्हाईत हाय," महालिंगप्पा म्हणाला आणि बाजूला पचकन थुंकला.

शर्यत व्हायची ती झालीच. सोलापूरहून दुसरा मिस्त्री आला. तात्यारावची जीप पहिली आली, हार पडले, फटाके वाजले. कारखान्याचे ट्रक महालिंगप्पाच्या दारावरून न थांबता जाऊ लागले.

"तोंड तरी गप ठेवायचं हुतं," बायको शिवम्मा म्हणाली.

"तोंड गपच हुतं गं. हात ऱ्हाईनात."

शर्यतीची माणसं पांगल्यावर तो पहार घेऊन तलावात गेला. भिमाबाई हातांनीच मुरूम उकरत होती. तो पहार चालवू लागला. झिरा मोकळा झाला तशी तळाशी ओल आली, मग पाणी. तिनं वाटी भरली, हुंगली आणि फेकून दिली. पुन्हा भरली, पुन्हा फेकली. ऊन कलेपर्यंत हेच चाललं होतं. मग एका वाटीशी ती थांबली. बराच वेळ हुंगत राहिली आणि तिनं वाटी त्याच्यापुढं केली.

"आप्पा, येतोय का वो वास? मला तर आता काईच कळंना."

महालिंगप्पानं वाटी नाकापाशी नेली. कसलाच वास आला नाही. पण गॅरेजात सरावलेल्या त्याच्या नाकाला पेट्रोलचा वास कित्येक वर्षांत आलाच नव्हता.

"मला न्हाय सांगता येत, बाई."

भिमाबाईनं वाटी परत घेतली आणि ओतून टाकली.