पांढऱ्या दोऱ्याचं पोतं

इस्लामपूरच्या खालच्या अंगाला मनुबाईची जमीन क्षारपड झाली होती. ऊस पिकेना, तेव्हा फौजेतून निवृत्त झालेल्या तिच्या नवऱ्यानं, लालासाहेबांनी, तिथं दोन तळी खोदून मासे सोडले. औंधची अंकिता माशांच्या रोगावर संशोधन करत होती. लालासाहेबांनी तिला दोन्ही तळी प्रयोगाला दिली. निळ्या दोऱ्याच्या पोत्यातलं औषधी खाद्य वरच्या तळ्याला घालायचं, पांढऱ्या दोऱ्याच्या पोत्यातलं साधं खाद्य खालच्या तळ्याला.

"रोगाचे जंतू एकेकटे गप्प असतात, काका," अंकितानं सांगितलं होतं. "एकमेकांना निरोप धाडतात. पुरेसे जमलोय असं कळलं की सगळे मिळून माशावर तुटून पडतात. दुसऱ्या एका जिवाणूपासून काढलेलं हे एन्झाइम तो निरोपच तोडतं."

"म्हंजे वायरलेस जाम करायचा," लालासाहेब हसले होते. फौजेत ते सिग्नलला होते.

तिसऱ्या आठवड्यात ते मोटर चालू करायला गेले आणि बांधावर बसले, ते उठलेच नाहीत. मुलगा जयराज सरहद्दीवरून आला आणि तेरावा करून परत गेला. मनुबाई रडली नाही. वाढलं की जेवायची, सकाळ-संध्याकाळ माशांना खाद्य टाकायची. हात आपोआप चालायचे.

सहा आठवडे भरल्यावर अंकिता आली. जाळं टाकून तिनं दोन्हीकडचे मासे पाहिले आणि वही मिटली.

"दोन्ही तळी सारखीच ठीक आहेत, काकू. औषधाचा काही फरक दिसत नाही. माझे मार्गदर्शक सर म्हणतात, बंद कर."

पोती गाडीत टाकायला मनुबाई हात लावू लागली. निळ्या दोऱ्याचं पोतं रिकामं होतं. पांढऱ्या दोऱ्याचं दोघींना मिळून उचलावं लागलं. मनुबाई तशीच उभी राहिली.

"आवं, बाई," ती म्हणाली, "मी दोन्हीकडं निळंच घातलं असंल."

"किती दिवस?"

"ठावं न्हाई. हे गेल्यापासनं काय केलं, ध्यानात न्हाई."

अंकिता पोत्यावर बसली. मिटलेली वही तिनं पुन्हा उघडली. मग म्हणाली, "पुन्हा पहिल्यापासून करायला लागेल. मी माणूस ठेवू का?"

"नगं. मीच घालती."

या खेपेला मनुबाईनं पोती दोन वेगळ्या खोल्यांत ठेवली. थंडीत खालच्या तळ्यातल्या माशांच्या पोटावर लाल चट्टे उठले. रोज सकाळी ती मेलेले मासे बादलीत काढायची, मोजायची आणि वहीत आकडा मांडायची. फोनवर जयराज म्हणाला, "आई, त्यांनापण औषध घाल की."

"न्हाई. मग तिला काय कळायचं?"

शेवटी हिशेब लागला. दोन्हीकडं दोनशे-दोनशे मासे सोडले होते. खालच्या तळ्यातले एकशे चाळीस गेले, वरच्यातले अकरा. अंकितानं आकडे दोनदा तपासले आणि तिला रडू आलं.

"तुम्ही त्या दिवशी बोलला नसता तर मी हे टाकूनच दिलं असतं, काकू."

"व्हय का," मनुबाई म्हणाली. ती अंकिताकडं बघत राहिली. आपल्यालाही काहीतरी दाटून येईल म्हणून थोडा वेळ थांबली. आलं नाही. मग तिनं परात ओढली आणि दोघींपुरत्या भाकरी थापायला बसली.