युयोची पाळी

या हकिकतीवर विश्वास ठेवणारा माणूस अख्ख्या साल्तो शहरात सापडणार नाही, असं ओतिलियो छातीठोकपणे सांगे. आणि कुणी ठेवलाच, तर त्या माणसाबद्दल त्यालाच शंका येई.

त्याच्या कुत्र्याच्या पिल्लाचं नाव युयो, म्हणजे रानगवत. अंगही तसंच. तोंड कुठे नि शेपूट कुठे, हे चीजचा तुकडा पुढे केल्याशिवाय कळत नसे. घर मुलीचं, नेलिदाचं होतं, त्या घरात ओतिलियोचं स्वतःचं म्हणावं असं हे पिल्लूच काय ते. पण नेलिदानं पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "बाबा, उन्हाळा लागेपर्यंत यानं अंगाला हात लावू दिला नाही, तर दिरांच्या शेतावर धाडीन. मोरोचे हाल मी पुन्हा बघणार नाही."

मोरो म्हणजे आधीचा कुत्रा. त्याच्या केसांच्या जटा झाल्या, जटांखाली कातडी चिघळली. शेवटी तोंड बांधून त्याला भादरलं, तेव्हा धरायला नेलिदा एकटी बसली. ओतिलियो बाहेर अंगणात उभा राहिला होता. त्यावर दोघं कधी बोलले नाहीत.

म्हणून यावेळी त्यानं रविवारी सगळं एका दमात उरकायला घेतलं: आंघोळ, ब्रश, नखं. युयो जो चुलीमागे शिरला तो सोमवारी बाहेर आला. ओतिलियो मात्र गुरुवारी म्हणून सांगे.

त्या सोमवारी तो येर्बाचा कडू चहा घेऊन अंगणात बसला. छोट्या, पोकळ वाळक्या भोपळ्यात पानं, वरून थर्मासातलं गरम पाणी. एकानं नळीनं ओढून संपवायचं, की दुसऱ्याची पाळी. थर्मास रिकामा होईपर्यंत भोपळा फिरत राहतो. पुरे झालं की परत देताना 'ग्रासियास', म्हणजे आभार, म्हणायचं. मग तुमची पाळी पुन्हा येत नाही. घाई केली तर जीभ भाजते, हे पोरासोरांनाही ठाऊक. ओतिलियो चुलीच्या दिशेनं बघत राहिला. सत्तर वर्षं आपण असं सावकाश बसतो, आणि कुत्रं मात्र एका घोटात संपवायला निघालो होतो.

दुसऱ्या दिवसापासून युयोलाही पाळी मिळाली. एक भोपळा म्हाताऱ्याचा, मग युयोची पाळी. त्यात नुसता ब्रश हुंगायचा आणि चीज खायचं. पुढे पाठीवरून ब्रशचा एकच हात. मग पंजा धरायचा, सोडायचा. मागे सरला तर सरू द्यायचं. पाळी काय, पुन्हा येतेच. नखांची कात्री आठवडाभर शेजारी नुसतीच वाजली. कधी एका थर्मासात एक कान व्हायचा, कधी तोही नाही.

उन्हाळ्याच्या पहिल्या रविवारी शेजारचा उबाल्दो येऊन बसला. नेलिदाही आली, युयोला मांडीवर घेतलं आणि कात्री उचलली. तिच्या दिराचा ट्रक युयोला न्यायला दुपारी यायचा होता. ओतिलियोनं भोपळा पुन्हा भरला. तिकडे बघवेना, म्हणून तो बोलत सुटला.

"तिसऱ्या आठवड्यात, उबाल्दो, थर्मास हाच उचलून आणायला लागला. दातात धरून."

"पाणीपण यानंच तापवलं असेल."

"तापवायचा. पण एकदा उकळवलं, तेव्हापासून मी बंद केलं."

"नदी पोहून पलीकडे आर्जेन्टिनात केस कापून आला, एवढंच सांगायचं राहिलंय तुझं."

कात्री वाजली. युयोनं पंजा ओढला. नेलिदानं सोडला, थांबली. थोड्या वेळानं त्यानं तो आपणहून परत तिच्या हातात ठेवला.

ओतिलियोनं पुढे चालूच ठेवलं. "आणि मंगळवारी तर डावी बाजू विंचरून झाल्यावर माझ्याकडे बघून स्वच्छ 'ग्रासियास' म्हणाला. मीही म्हटलं, बरं बाबा, आणि लगेच उजवी बाजू घेतली."

नेलिदा शेवटच्या पंजाच्या शेवटच्या नखावर होती. मान वर न करताच म्हणाली, "ग्रासियास म्हणाल्यावर पुन्हा पाळी आली कशी त्याची? थापा मारताय, बाबा. आणि दिरांना फोन करा. म्हणावं, ट्रक आणू नका."